एकोणसाठातले पस्तीस

यूट्यूबवर माझ्या वाचनाच्या चॅनेलचं सभासदत्व महिन्याला ५९ रुपयांना आहे. त्यातले ९ रुपये जीएसटीचे. उरलेल्या ५० मधले ३० टक्के, म्हणजे १५ रुपये, यूट्यूब ठेवून घेतं. माझ्या वाट्याला ३५. सभासद न्यू जर्सीत असला तर अमेरिकेचा कर वेगळा कापला जातो. दोन देशांमधल्या करारामुळे तो १५ टक्क्यांवर थांबतो, एवढंच. शिवाय १०० डॉलर साठल्याखेरीज पैसे बँकेत येतच नाहीत, आणि येतात तेही महिन्याच्या एकवीस तारखेनंतर. तेच ५९ रुपये कुणी यूपीआयने पाठवले तर ५९ च्या ५९ पोचतात, आणि त्याच मिनिटाला.

हे सगळं मी एकदा एका भागाच्या सुरुवातीला जसंच्या तसं सांगून टाकलं. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लिहिलं, "मग ताई, ते पस्तीसवालं दुकान तुम्ही बंदच का करत नाही?" प्रश्न रास्त होता. पण यूपीआयने पाठवायचं तर ते दर महिन्याला आठवावं लागतं, आणि माणूस आठवत नाही. पहिल्या महिन्यात उत्साह असतो, दुसऱ्यात आठवण असते, तिसऱ्यात गणपती येतात. यंत्र मात्र न विसरता कापतं. ते मधले २४ रुपये ही विसरण्यावरच्या औषधाची किंमत, असं मी धरून चालते.

माझं काम जुनी मराठी पुस्तकं मोठ्याने वाचण्याचं. सांगलीत आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक होते. घरच्या कारणांनी ते सुटलं, आवाज तेवढा राहिला. २०२० साली सगळेच घरात बसले होते तेव्हा हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचायला घेतली आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून चढवली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, त्यामुळे १९१९ साली गेलेले हरिभाऊ मोकळे, १९५० साली गेलेले साने गुरुजीही मोकळे. फडके-खांडेकर अजून नाहीत. कुठे कुठे भानगडी असतात. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचायचा तर संपादक वैद्यांनी १९०७ साली छापलेली आवृत्ती हाताशी धरावी लागते. पोतदारांनी पुढे मूळ हस्तलिखितावरून काढलेल्या आवृत्तीला हात लावता येत नाही. लोक म्हणतात, "पुस्तक फुकट, माइक एकदाच घ्यायचा, मग खर्च कसला?" खर्च वेळेचा. ऐकायला एक तास लागणारा भाग तयार करायला मला पाच तास सहज लागतात. आधी स्वतःशी वाचायचं, नावं आणि जुनी वजनं-मापं तपासायची, मग रेकॉर्डिंग, मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकायच्या. सोसायटीचा पंप पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्यामुळे माझा दिवस साडेतीनला.

जाहिरातींचे पैसे येतात, पण मराठी कादंबरीच्या तासाभराच्या वाचनाला जाहिरातवाले फारसे भुलत नाहीत. दोन-तीन महिन्यांचे मिळून कसेबसे १०० डॉलर व्हायचे. तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याने मला धड्यावर बसवलं. "मावशी, एक हजार माणसं पुरतात," तो म्हणाला. केव्हिन केली नावाच्या अमेरिकी संपादकाने २००८ साली मांडलेला हा हिशेब: तुमच्या कामावर जीव टाकणारी एक हजार माणसं शोधा, प्रत्येकाने वर्षाला १०० डॉलर दिले की कलावंताचं भागलं. पुढे २०१३ मध्ये जॅक कॉन्टी या संगीतकाराने एका मित्राबरोबर पॅट्रिऑन काढलं ते याच वाटेवरचं. त्याच्या व्हिडिओंना भरपूर प्रेक्षक होते, पण जाहिरातींतून खर्चही निघत नव्हता. भाच्याच्या मते माझं दुखणं अगदी तेच होतं, म्हणून औषधही तेच.

त्याने पायऱ्या बांधून दिल्या. ५९ रुपयेवाल्यांचं नाव भागाच्या शेवटी वाचायचं. १५९ वाल्यांना महिन्यातून एक खास भाग, ज्यात मी पुस्तकाबद्दल गप्पा मारायच्या. त्याच्या वरच्यांना पुढचं पुस्तक निवडायला मत. सगळं रीतसर झालं. माणसंही आली, माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आली. मी त्या खास भागासाठी हरिभाऊंच्या काळातल्या पुण्याची टिपणं काढली, जीव ओतून बोलले. तो भाग पैसे देणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच ऐकला नाही. मला वाटलं काही तरी बटण चुकलंय. भाच्याने तपासलं, बटण बरोबर होतं.

उलगडा झाला तो नावांवरून. भागाच्या शेवटी वाचायला नावं हवीत म्हणून मी सभासदांना विचारलं, कसं घेऊ? उत्तरं अशी आली. "माझं नको, आईचं घ्या. तीच ऐकते." "सासूबाईंचं घ्या, गाव नेर्ले म्हणून सांगा, त्यांना बरं वाटेल." "बाबांना दिसत नाही आता, त्यांच्यासाठी लावून दिलंय. मी मस्कतला असतो." आणि एकाने लिहिलं होतं, "नाव घेऊच नका. आईला कळलं तर म्हणेल, फुकट मिळतंय त्याला पैसे कशाला घालतोस."

म्हणजे ऐकणारी माणसं एक आणि देणारी दुसरीच. देणाऱ्यातला एखादाच ऐकतो. ऐकणाऱ्यांकडे मोबाइल असतो, पण त्याला बँक जोडलेली नसते, किंवा जोडलेली असली तरी त्यावर बोट ठेवायची भीती वाटते. केलीच्या हिशेबात जीव टाकणारा आणि खिशात हात घालणारा एकच माणूस आहे. माझ्याकडे त्यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर होतं, आणि पुष्कळदा एक समुद्रही. खास भाग कुणी ऐकला नाही यात नवल नव्हतं. हिंजवडीतल्या मुलाला १८९० च्या पुण्याशी काय देणंघेणं? दुपारी जेवण झाल्यावर आई एकटी पडते आणि त्या वेळात तिला कुणाचा तरी आवाज मिळतो, यासाठी तो पैसे देत होता.

हे कळल्यावर पायऱ्या मी काढून टाकल्या. भाचा हळहळला. "मावशी, लोकांना बदल्यात काही तरी द्यावं लागतं." मी म्हटलं, देतेच आहे, पण ज्याचे पैसे घेते त्याला नव्हे. ५९ ची एकच पायरी ठेवली. नावं वाचणं चालू ठेवलं, मात्र ती ऐकणाऱ्यांची, गावासकट, पैसे दिलेले असोत वा नसोत. त्या यादीचा एक फायदा मी धरलाच नव्हता. लोक ती कान देऊन ऐकतात. "कुंडलच्या पाटीलवहिनी म्हणजे आमच्या वर्गातली तर नव्हे?" असे फोन आले.

यूपीआयचं जग निराळं. तिथे रक्कम माणूस स्वतः टाइप करतो, आणि बहुतेक रकमा १ वर संपतात: ५१, १०१, २५१. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. आहेराच्या पाकिटाचा हात फोनवरही तसाच चालतो. सोबत निरोपाची छोटी जागा असते, तिच्यात "चहासाठी", हरिभाऊंच्या नायिकेच्या नावाने "यमूसाठी", एकदा तर तिला छळणाऱ्यावर चिडून नुसतंच "शंकरमामंजीला बदडा" असं आलं. माझ्या सनदी लेखापालांना मात्र या गोडव्याचं कौतुक नाही. त्यांनी पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न विचारले होते. एक, "बातम्या वाचता का?" परदेशातून देणगी घ्यायला बातम्या आणि चालू घडामोडी देणाऱ्यांवर कायद्याने बंदी आहे. कादंबऱ्या वाचते म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. दोन, "ही भेट की उत्पन्न?" मी म्हटलं, लोक प्रेमाने देतात. ते म्हणाले, "प्रेमाने देतात ते तुमच्या कामावरच्या. उत्पन्नात धरा." धरलं.

मग आला ऑक्टोबर २०२१. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर आधी २४ तास ग्राहकाला कळवायचं आणि सुरुवातीची संमती नव्या पद्धतीने नोंदवायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू झाला. नियम ग्राहकाच्या भल्याचा. कधी काळी घेतलेल्या आणि विसरलेल्या किती गोष्टींचे पैसे आपल्या खात्यांतून गुपचूप जात असतात. पण जुन्या संमती नव्या पद्धतीत बसल्या नाहीत की गळून पडत. माझे भारतातले निम्म्याहून जास्त सभासद एका महिन्यात नाहीसे झाले. ते रागावले नव्हते की कंटाळले नव्हते. त्यांना पत्ताच नव्हता. ते ऐकत नव्हते, मग कळणार कसं? सभासदांचे फोन नंबर किंवा पत्ते चॅनेलवाल्याला मिळत नाहीत, त्यामुळे मी त्यांना गाठूही शकत नव्हते.

शेवटी भागाच्या सुरुवातीलाच सांगितलं, की कार्डावरून येणारे पैसे बंद पडलेत, ज्यांचे सुरू होते त्यांनी एकदा बघून घ्या. हे ऐकलं अर्थातच आयांनी. आणि आयांनी फोन लावले. "अरे, त्या वाचणाऱ्या बाईंचे पैसे बंद झालेत म्हणे. तू काही तरी देत जा की त्यांना." पलीकडून उत्तर, "आई, मी वर्षभर देतोच आहे." "मग सांगितलं का नाहीस?" जिच्या मुलाने नाव घेऊ नका म्हणून बजावलं होतं, तिनेच त्याला सगळ्यात जास्त झापलं, असं त्याने मला लिहून कळवलं. पैसे घालवले म्हणून नव्हे, बंद पडू दिले म्हणून. महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळसे परत आले. पुढे भाच्याने यूपीआयवरचं ऑटोपे लावून दिलं. त्यात माणूस एकदा पिन टाकतो आणि दर महिन्याचं आपोआप चालतं. निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा प्रश्न तिथे अर्धा तरी सुटला.

त्याच काळात मला दोघा-तिघांनी मनापासून सल्ला दिला, की सरळ कुलूप लावा, पैसे भरेल त्यालाच ऐकू जाईल असं करा. मोठी ॲप्स तेच करतात. स्टोरीटेलने २०१७ पासून मराठीत ते करून दाखवलं, आणि त्यांच्यामुळे मराठीत ऐकणारा माणूस वाढला, हे मी मान्य करते. पण माझ्याकडे कुलूप असतं तर त्या ऑक्टोबरात काय झालं असतं? मुलाचं कार्ड अडलं असतं, आणि कऱ्हाडच्या आईसाठी यमू भर प्रकरणात गप्प झाली असती. तिला कारण कळलं नसतं, त्याला बातमी कळली नसती. जिथे देणारा आणि ऐकणारा वेगळे आहेत तिथे कुलुपाची किल्ली चुकीच्या माणसाच्या खिशात राहते.

हरिभाऊंचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर असतं. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः येत गेली. वर्गणी भरणारा घरातला पुरुष असणार. पण ती कथा बाईची, बाईनेच सांगितलेली, आणि माजघरात कुणी तरी ती मोठ्याने वाचत असेल तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कितीजणींनी वर्गणीचा पैसा हातात धरला असेल? मी हे सिद्ध करू शकत नाही. पण वाचताना मला ते माजघर दिसतं.

पैसे मागायचे कुठे, हाही कामाचाच भाग आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. सगळे शेवटी मागतात: आवडलं असेल तर अमुक करा, तमुक दाबा. मीही आधी तसंच करत होते. पण यमूच्या केशवपनापाशी आले तेव्हा वाचून झाल्यावर माझाच आवाज लागत नव्हता, आणि त्याच्या पाठोपाठ यूपीआयचा नंबर सांगायचा? ते अभद्र वाटलं. तेव्हापासून मागणं सुरुवातीला, एका वाक्यात, आणि मग पाच सेकंद शांतता. वाचन संपलं की संपलं. यात तोटा होतो असं भाचा म्हणतो, कारण हात सढळ होतो तो डोळे ओले असताना. नेमकं म्हणूनच.

एकदा शहरातल्या एका बांधकाम व्यावसायिकांचा निरोप आला. वर्षभराचा सगळा खर्च ते उचलणार, बदल्यात प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्यांच्या प्रकल्पाचं नाव. रक्कम माझ्या सगळ्या सभासदांच्या मिळून येणाऱ्या पैशांपेक्षा बरीच मोठी होती. मी नाही म्हटलं, आणि त्यात तत्त्वाचा भाग कमी होता, व्यवहाराचा जास्त. एक माणूस देतो तेव्हा एका माणसाचं मन फिरलं की सगळं थांबतं. त्याच्या आजोबांनी लिहिलेलं अप्रकाशित नाटक वाचा असं तो पुढच्या दिवाळीत म्हणाला तर मला नाही म्हणायची सोय राहत नाही. ५९ वाले शेकडो आहेत. त्यातले रोज कुणी जातात, कुणी येतात, आणि कुणाचाच हात माझ्या माइकपर्यंत पोचत नाही. थोड्या पैशांचा हा गुण मोठ्या पैशांत नाही. अर्थात याने घर चालतं असं नाही. वीज, इंटरनेट आणि किराण्याचा मोठा भाग निघतो. बाकीचं मी लग्नसमारंभांत निवेदन करून भागवते.

पैशांशिवायही लोक देतात. वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने एसटीच्या पार्सलने गुळाचा रवा पाठवला. सोबत चिठ्ठी: "आमचं खातं सोसायटीच्या कर्जात अडकलंय, म्हणून हे." लेखापालांना विचारलं, हे कुठल्या रकान्यात लिहू? ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, "अर्धा इकडे पाठवा, मग सांगतो."

सभासदत्व बंद होतं तेव्हा यूट्यूब कारण सांगत नाही, नुसता आकडा उतरतो. कधी कधी मुलगा किंवा सून स्वतःहून लिहिते. "मागच्या आठवड्यात आई गेली. शेवटपर्यंत तुमचं लावून ठेवलं होतं. आता बंद करतोय, राग मानू नका." राग कसला? मी त्यांना दोन ओळी लिहिते आणि यादीतलं ते नाव पुढच्या भागात वाचत नाही. काहीजण बंदच करत नाहीत. एका बाईंची सासू जाऊन बराच काळ झाला, तरी ५९ रुपये येतात. मी विचारलं नाही. विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल, आणि ते उत्तर बहुधा त्यांनी स्वतःलाही दिलेलं नसेल.

पायऱ्या काढल्या तरी पुस्तक निवडायचं मत मात्र मी काही काळ सभासदांना देत राहिले. वाटलं, एवढा हक्क तरी असू दे. दर वेळी 'श्यामची आई' जिंकायची. पैसे देणाऱ्याला शाळेत वाचलेलं आणि आईसाठी योग्य वाटणारं पुस्तक आठवतं, दुसरं काय. ते वाचलं, मनापासून वाचलं. पण फोन करणाऱ्या आयांची मागणी वेगळीच असायची. "श्यामची आई आम्ही मुलांना रडवायला वाचली हो, आता जरा काही तरी झकास लावा." त्यांना कारस्थानं हवी होती, भुयारं, वेषांतरं. रात्री उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्यांनाही तेच. शेतीच्या पंपांना आठवड्यातले काही दिवस लाईट रात्रीचीच असते. दारं धरत जागायचं तर कानात काही तरी लागतं, आणि त्या वेळी उपदेश चालत नाही.

म्हणून मतदान थांबवलं आणि नाथमाधवांची 'वीरधवल' लावली. १९१३ सालची कादंबरी, लेखक १९२८ साली गेले, हक्काची अडचण नाही. दोन सभासद लगेच गेले. एकाने लिहिलं, की असल्या कथांसाठी मी पैसे देत नव्हतो. खरं आहे, तो कुठल्याच कथेसाठी देत नव्हता. त्याच आठवड्यात वाळव्याहून फोन आला. "ताई, आमच्या फीडरला सोमवारपास्नं तीन दिस रातची लाईट हाय. एकेक भाग नका टाकू, दोन-तीन एकदम टाका की." मी शनिवार-रविवारच्या दोन्ही पहाटा रेकॉर्डिंगला लावून तीन भाग संपवले आणि रविवारी संध्याकाळी चढवले.